फुलपात्र आणि लिंबू: घरातल्या वस्तूंची छोटी तैलचित्रं कशी रंगवावीत

इंटरमिजिएटला स्थिरचित्राचा पेपर दिलेल्या कुणालाही तो थाट आठवत असेल. टेबलावर घड्या पाडलेलं कापड, त्यावर किटली, शेजारी दोन फळं, आणि आपल्याला जागा नेमकी अशी मिळालेली की किटलीची चोचच दिसत नाही. तेव्हापासून स्थिरचित्र म्हटलं की साग्रसंगीत मांडणी हवी, असं डोक्यात बसलेलं असतं. छोट्या तैलचित्राला त्यातलं काही लागत नाही. स्टीलचं एक फुलपात्र आणि एक कागदी लिंबू एवढ्यावर सकाळ सत्कारणी लागते. या लेखात हीच जोडी घेऊन पहिल्या रेघेपासून वॉर्निशपर्यंत जाऊ. लसूण, कपबशी, किल्ल्यांचा जुडगा, साबणाची वडी यांनाही हीच पद्धत चालते.

एवढंसंच का

आकार घ्यायचा 6 बाय 8 इंच, म्हणजे साधारण 15 बाय 20 सेंटिमीटर. फुलपात्र आठ-नऊ सेंटिमीटर उंच असतं, लिंबू चार-साडेचार. म्हणजे घरातली वस्तू आहे त्याच मापात बोर्डावर बसते आणि लहान-मोठं करण्याचं गणित वाचतं.

दुसरं कारण वेळेचं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो आणि त्याच्याबरोबर पडछायाही सरकते. खिडकीतला उजेड फार तर दोन-अडीच तास जवळपास सारखा राहतो. तेवढ्यात संपेल एवढंच चित्र काढलं, तर पहिला फटकारा आणि शेवटचा फटकारा एकाच उजेडातले असतात. शिवाय सगळा रंग ओला असतो, त्यामुळे कडा हव्या तिथे विरघळवता येतात. मोठ्या कॅनव्हासवर तीन दिवस घालवून जे कळत नाही ते एका बैठकीच्या छोट्या चित्रात कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे. छोटं चित्र ही मोठ्याची रंगीत तालीम मानू नका. ते स्वतंत्र काम आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात जोर्जिओ मोरांदीने (1890–1964) त्याच त्या बाटल्या आणि डबे रंगवण्यात आयुष्य घालवलं, तेही बहुतेक लहान कॅनव्हासवर.

सामान

रंग सातच घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि अंबर समसमान मिसळले की काळ्याच्या अगदी जवळचा रंग मिळतो. निळा वाढवला की तो थंड होतो, अंबर वाढवला की उबदार. ट्यूबमधल्या काळ्यात ही लवचीकता नसते. अलिझरिन घेताना ट्यूबवर ‘परमनंट’ लिहिलंय का ते बघा, कारण जुन्या प्रकारचं अलिझरिन उजेडात फिकं पडतं. पांढरा मात्र टायटॅनियमच हवा. झिंक व्हाइटचा थर वर्षांनुवर्षांत ठिसूळ होऊन तडकतो.

सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठीचे रंग चालतील. त्यात रंगद्रव्य कमी आणि भरण जास्त असतं, म्हणून मिश्रणं जरा मळकट होतात, पण शिकायला अडत नाही. पैसे घालायचेच असतील तर पांढऱ्यात घाला आणि त्याची मोठी ट्यूब आणा. तो बाकी सगळ्यांपेक्षा लवकर संपतो.

तेल जवसाचं, पण आर्ट मटेरियलच्या दुकानातलं शुद्ध केलेलं लिनसीड ऑइल घ्या. घाण्यावरच्या खाण्याच्या तेलात चिकट द्रव्यं राहिलेली असतात. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल तर मुळीच नको, कारण ते वाळतच नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याची कातडी बनते. जवसाच्या तेलात हा गुण आहे, शेंगदाण्याच्या तेलात नाही. टर्पेंटाइन थोडंसंच लागतं, आणि ते वापरताना खिडकी उघडी हवी. वासाने डोकं चढत असेल तर ब्रश रंगवतानाच्या वेळी तेलातच धुवा आणि शेवटी साबणाने. टर्पेंटाइनशिवाय अख्खं चित्र होऊ शकतं.

ब्रश तीन पुरेत: हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे 4 आणि 8 नंबर, आणि मऊ सिंथेटिकचा गोल 2 नंबर. गोल ब्रश शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पिशवीतून बाहेर काढायचा नाही. हातात बारीक ब्रश असला की माणूस बारीकसारीक काढायला लागतो. याशिवाय एक पॅलेट नाइफ आणि जुन्या सुती कापडाचे तुकडे. पॅलेटसाठी फोटोफ्रेमची काच घ्या, कडांना चिकटपट्टी लावा आणि खाली राखाडी कागद ठेवा. पांढऱ्या पॅलेटवर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो आणि चित्र फिकट होत जातं.

बोर्ड विकत मिळतात, पण घरी केलेले चांगले आणि स्वस्त. प्लायवूडच्या दुकानातून 4 मिलिमीटरच्या एमडीएफचे 6 बाय 8 चे तुकडे कापून आणा. कडा पॉलिश पेपरने घासा. ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन पातळ हात द्या, एक आडवा, पुढचा उभा. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि मधे 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. पाठीला आणि कडांनाही एक हात द्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे टाळू नका, नाहीतर पावसाळ्यात बोर्ड ओल पिऊन वाकतो. भिंतीचा प्रायमर जेसोऐवजी वापरणारे आहेत. सरावाला ठीक, जपायच्या चित्राला नको.

शेवटी जेसोवर ॲक्रिलिक बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात पातळ करून फिरवा आणि कापडाने पुसून घ्या. फिकट विटकरी जमीन, म्हणजे चित्राखालचा थर, तयार होते. पांढऱ्या जमिनीवर काम करताना पहिला अर्धा तास पांढरं झाकण्यात जातो, तो वाचतो. तैलरंगाखाली ॲक्रिलिक चालतं. वाळलेल्या तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच लावू नये, ते सुटून येतं.

उजेड

चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा इथे, रंगात नाही.

युरोपियन पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचा सल्ला असतो, कारण तिकडे उत्तरेकडून ऊन जवळजवळ येतच नाही. आपल्याकडे हे अर्धंच खरं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपी उन्हं शिरतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये उत्तरेच्या खिडकीवरही विसंबू नका, पांढरा पातळ पडदा ओढा. पावसाळ्यातला ढगाळ दिवस मात्र या कामाला फार चांगला, दिशा कुठलीही असो. उजेड मऊ, सारखा आणि तासन्‌तास टिकणारा.

नोकरीमुळे रात्रीच वेळ मिळत असेल तर दोन दिवे लागतील, एक वस्तूवर आणि एक बोर्डावर. वस्तूवरचा दिवा उबदार असेल तर बोर्डावरचा पांढरा ठेवा, पण दिव्याच्या डब्यावर रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) 90 च्या वर आहे का ते बघून घ्या. साध्या एलईडीखाली लाल रंग मेल्यासारखे दिसतात आणि सकाळी चित्र बघून धक्का बसतो.

आता खोका. किराणा दुकानातून फूटभर लांबीरुंदीचा पुठ्ठ्याचा खोका आणा. समोरची आणि डावी बाजू कापून टाका, आतून राखाडी कागद लावा. डाव्या बाजूने उजेड आत येतो, बाकी खोलीतला अडतो. घरभर चार बाजूंनी उजेड असतो, आणि त्यात वस्तूला तीन-तीन पडछाया पडतात. एकच उजेड, एकच पडछाया एवढं जमलं की अर्धं चित्र तिथेच लागलं.

खोका टेबलावर अशा उंचीला ठेवा की फुलपात्राच्या तोंडाचं लंबवर्तुळ दिसेल पण आतला तळ दिसणार नाही. लिंबू फुलपात्राच्या उजेडाकडच्या बाजूला, थोडं पुढे, त्याला अर्धवट झाकत ठेवा. शेजारी-शेजारी, मधे फट सोडून ठेवलेल्या दोन वस्तू रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतात. आणि कपडे साधे, करड्या रंगाचे घाला. स्टीलमध्ये तुम्ही स्वतः दिसणार आहात. लाल टी-शर्ट घालून बसलात तर फुलपात्राच्या पोटात लाल पट्टा उभा राहील.

रेखाटन

पेन्सिल नको. थोडा अंबर टर्पेंटाइनने किंवा अगदी थेंबभर तेलाने पातळ करून 4 नंबर ब्रशने काढा. आधी चार खुणा करा: सगळ्यात वरचा बिंदू, सगळ्यात खालचा, डावा, उजवा. या चौकटीत दोन्ही वस्तू आणि पडछायासुद्धा बसली पाहिजे. पडछाया ही तिसरी वस्तू आहे, तिला सुरुवातीलाच जागा द्या.

फुलपात्रासाठी मधोमध उभी रेघ मारा आणि दोन्ही बाजू तिच्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. तोंडाचं लंबवर्तुळ अरुंद असतं, तळाचं थोडं जास्त गोलसर, कारण तळ आपल्या नजरेच्या पातळीपासून अधिक खाली आहे. नवशिक्याच्या चित्रात तळ बहुधा सरळ रेघ असते आणि मग फुलपात्र टेबलावर टेकत नाही. लंबवर्तुळाच्या टोकांना कोपरे येऊ देऊ नका. तिथेही ते वळतंच. चूक वाटली की कापडाने पुसायचं. जमीन ॲक्रिलिकची असल्यामुळे ती खाली तशीच राहते.

गडद-फिकट आधी, रंग नंतर

आता डोळे किलकिले करा. तपशील नाहीसा होतो आणि तीनच गट उरतात: गडद, मधला, उजळ. तेच अंबरने भरायचे. पडछाया, लिंबाची अंधारातली बाजू, फुलपात्रातले काळे पट्टे हे सगळं एकाच गडद आकारात जोडून टाका. जे जोडलेलं दिसतं ते जोडलेलंच रंगवायचं, मग त्यात दोन वस्तूंची हद्द पुसली गेली तरी चालेल.

इथे थांबून मोबाइलवर मांडणीचा आणि बोर्डाचा कृष्णधवल फोटो एकत्र काढा. दोन्हीत गडद-फिकट जुळत नसेल तर पुढे रंग कितीही सुंदर मिसळले तरी उपयोग नाही. उलट हे जुळलं असेल तर लिंबू निळं रंगवलं तरी ते गोल दिसेल. हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण रंगाची ट्यूब उघडायची घाई प्रत्येकाला असते.

लिंबू

रंगवण्यापूर्वी पॅलेट नाइफने चार ढीग करून ठेवा: लिंबाची उजळ बाजू, लिंबाची गडद बाजू, टेबल, पार्श्वभूमी. ढीग शेजारी-शेजारी ठेवून तुलना करा. हाच वेळ सगळ्यात मोलाचा.

उजळ बाजूला लेमन यलोत किंचित ऑकर आणि थोडा पांढरा. पांढरा जपून घाला, पिवळा लगेच खडूसारखा होतो. गडद बाजूला बहुतेक जण पिवळ्यात काळा घालतात आणि ती शेवाळी हिरवी होते. त्याऐवजी ऑकर मुख्य धरा, त्यात थोडा लेमन, आणि अलिझरिन-अल्ट्रामरीनचा जांभळा ब्रशच्या टोकावर येईल इतकाच. जांभळा पिवळ्याचा भडकपणा मारतो पण त्याला उबदार ठेवतो. कागदी लिंबाच्या देठापाशी बऱ्याचदा हिरवट झाक असते. तिथे, आणि तिथेच, अल्ट्रामरीनचा कण मिसळा.

8 नंबर ब्रशने उजळ भाग, मग गडद भाग, आणि दोन्ही मिळतात तिथे मधला एकच फटकारा. घोटत बसू नका. लिंबाच्या तळाला, पडछायेच्या अगदी वर, टेबलावरून परतलेल्या उजेडाची फिकट पट्टी दिसते. ती असते तरी गडदच. उजळ भागाइतकी फिकी केली तर लिंबू आतून पेटल्यासारखं दिसतं.

फुलपात्र

स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. म्हणून ‘चंदेरी रंग’ कसा करायचा हा प्रश्नच सोडून द्या. दिसतात ते पट्टे, आणि तेवढेच रंगवायचे.

जवळून बघा. डावीकडे खिडकीचा उभा उजळ पट्टा, त्याच्या कडेला एकदम गर्द रेघ. मधे तुमची स्वतःची आणि खोलीची करडी सावली. उजवीकडे खोक्याच्या कागदाचा मध्यम राखाडी. आणि खाली, लिंबू जिथे जवळ आहे तिथे, त्याचं प्रतिबिंब. ते गोल नसतं. फुलपात्राचं पोट बाहेर वळलेलं असल्यामुळे प्रतिबिंब आडवं दबतं आणि उभा, अरुंद पिवळा काप दिसतो. त्याचा रंग खऱ्या लिंबाहून मळका असतो, म्हणजे ऑकरमध्ये थोडा करडा. हा काप नीट लागला की पाहणाऱ्याला बाकी स्टील आपोआप दिसतं.

करडे रंग अल्ट्रामरीन, अंबर आणि पांढऱ्याचे. खिडकीकडचे थंड म्हणून निळा जास्त, टेबलाकडचे उबदार म्हणून अंबर जास्त. पट्टे वरून खाली फुलपात्राच्या उताराबरोबर ओढा. दोन पट्ट्यांची हद्द काही ठिकाणी सुरीसारखी धारदार असते, काही ठिकाणी विरलेली. धातूची चमक या फरकातून येते, पांढऱ्या ठिपक्यांतून नाही. वरच्या काठाची चमक अख्ख्या लंबवर्तुळावर सारखी फिरवू नका. ती दोन-तीन ठिकाणी जाड होते, मधे तुटते, मागच्या बाजूला जवळजवळ नाहीशी होते.

पितळेचा तांब्या घेतलात तर पट्ट्यांची तऱ्हा हीच, फक्त प्रत्येक प्रतिबिंबात पितळेचा पिवळा मिसळतो. उजळ पट्टासुद्धा पूर्ण पांढरा न होता पिवळसर राहतो, आणि गडद पट्टे अंबरात व्हर्मिलियनचा अंश घालून तांबूस. माझ्या मते पितळ स्टीलपेक्षा सोपं, फक्त ते दिसायला भारदस्त असतं म्हणून लोक घाबरतात.

कडा आणि शेवटची दहा मिनिटं

पार्श्वभूमी शेवटी भरून वस्तूच्या भोवती कोरत बसू नका. वस्तूच्या बरोबरच रंगवा आणि ओल्या रंगात ओला रंग भिडू द्या. पडछाया वस्तूजवळ धारदार आणि दूर जाताना मऊ. फुलपात्राची उजवी कड राखाडी कागदात जवळजवळ मिसळते, तिथे कोरडा ब्रश एकदा हलकेच ओढून ती हरवू द्या. हे कसं करायचं ते अठराव्या शतकातल्या शार्दाँ या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत बघावं. पाण्याचा ग्लास, कॉफीचं भांडं आणि लसणाचे गड्डे एवढंच असलेलं त्याचं सुमारे 1761 चं चित्र पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. मोठं करून पाहा आणि कुठल्या कडा त्याने सोडून दिल्यात तेवढं शोधा.

आता गोल ब्रश काढा. स्टीलवरची सगळ्यात तेजस्वी चमक, लिंबाच्या सालीवरचा मंद ठिपका, देठाची खूण. प्रत्येक ठिपका ब्रशवर भरपूर रंग घेऊन एकदाच ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. लिंबावरचा ठिपका पूर्ण पांढरा नसतो, साल तेवढी चकचकीत नसते. बोर्ड आरशात बघा. फुलपात्र कललं असेल तर उलट्या प्रतिमेत लगेच कळेल.

उजेड बदलला की थांबा. जमलं नसेल तर पॅलेट नाइफने सगळं खरवडून काढा, कापडाने पुसा. उरलेल्या पुसट छायेवर दुसऱ्या दिवशी नवं चित्र सुरू करायला उत्तम जमीन मिळते. वाळलेल्या चित्रावर पुन्हा काम करायचं असेल तर वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल थोडं जास्त ठेवा. खालचा थर जास्त तेलकट असला तर तो सावकाश वाळत राहतो आणि वरचा तडकतो.

आवराआवर, वाळवण, वॉर्निश

तेलाने माखलेले चिंधीचे बोळे करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. चिंध्या दोरीवर सुट्या पसरून कडक वाळू द्या किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. वापरलेलं टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. बरणीत राहू दिलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. ब्रश कपड्याच्या साबणवडीवर घासून फेस पांढरा येईपर्यंत धुवा. पॅलेटवर रंग उरला असेल तर तो झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कोपऱ्यात कापसावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका; काही दिवस ओला राहतो. थेंब रंगात मात्र मिसळू नका.

अंबरचे पातळ भाग एक-दोन दिवसांत हाताला वाळलेले लागतात, जाड पांढऱ्याला आठवडा किंवा जास्त लागतो, दमट हवेत आणखी. चित्र धूळ बसणार नाही असं, पण उजेडात वाळवा. कपाटात, अंधारात वाळलेलं जवसाचं तेल पिवळट पडतं. पडलंच तर काही आठवडे उजेडाच्या खोलीत ठेवल्यावर बराचसा पिवळेपणा जातो. थेट ऊन नको.

वॉर्निश सहा महिन्यांनी. तोवर वाळून मंद पडलेले गडद भाग बघवत नसतील तर रीटचिंग वॉर्निशचा पातळ हात द्या. फ्रेमला काच लागत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर त्या भिंतीवर चित्र टांगू नका. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही.